पार्टिशनपलीकडचा पिवळा

धाकटीने दार ढकललं आणि क्षणभर तिला वाटलं, आपण भलत्याच चित्रापुढे उभ्या आहोत. चित्र तेच होतं. भिंतीला टेकवलेला पुरुषभर उंचीचा कॅनव्हास, तीच राखाडी पार्श्वभूमी, वरच्या डाव्या कोपऱ्यातून तिरपा खाली उतरणारा तोच पिवळा पट्टा आणि खाली उजवीकडे तोच काळा कोपरा. फक्त पट्ट्याच्या मधोमध जी वीतभर जागा मोकळी होती, तिथे पट्टा तुटायचा आणि पुढे पुन्हा सुरू व्हायचा, ती जागा आता भरलेली होती. ओला रंग अजून चमकत होता.

त्या वीतभर मोकळ्या जागेवर धाकटीने आपल्या संगीतरचनेचा अख्खा मधला भाग उभा केला होता.

"हे काय करून ठेवलंस?" तिने विचारलं.

दादा ब्रश पुसत होता. "पट्ट्याला तसंच हवं होतं," तो म्हणाला आणि ब्रश पुसत राहिला.

आता यावर माणसाने बोलावं तरी काय? पट्ट्याने तुझ्या कानात येऊन सांगितलं का, असं तिने विचारलं. दादाने जरा विचार केला आणि हो, साधारण तसंच म्हण, असं उत्तर दिलं. धाकटी पाय आपटत आपल्या खोलीत गेली.

आपली खोली म्हणजे पार्टिशनच्या पलीकडची बाजू. घराखालचा हा लांबलचक गाळा म्हणजे एके काळी त्यांच्या वडिलांचा फर्निचरचा कारखाना. मुलं मोठी झाली, एकाला रंग फासायला जागा हवी होती, दुसरीला पियानो ठेवायला, म्हणून वडिलांनी काम थांबवताना मधोमध प्लायवूडचं पार्टिशन ठोकून दिलं. पुढे वडील गेले, पार्टिशन राहिलं. कोपऱ्यांतून अजूनही भुसा निघतो. दोघांच्या भांडणांना कंटाळून आईने तेव्हाच नियम घालून दिला होता की काम चालू असताना एकाने दुसऱ्याच्या खोलीत जायचं नाही, विचारायचं नाही आणि मत तर मुळीच द्यायचं नाही. आई शाळेत भूगोल शिकवायची. तिने घातलेला नियम मोडायची छाती कुठल्या वर्गाची कधी झाली नव्हती, आणि ही दोन घोड्याएवढी वाढलेली मुलंही तो निमूटपणे पाळत होती. आज धाकटीने तो मोडला होता, तेही फक्त पट्टा नेमका कुठे तुटतो ते एकदा डोळ्यांनी पाहून घ्यावं म्हणून. पाहायला गेली आणि हे पाहून आली.

झालं होतं असं. शहरातल्या कलादालनाची नवी इमारत उघडणार होती आणि तिथल्या प्रमुख बाईंच्या मनात आलं होतं की उद्घाटनाला एखाद्या नव्या चित्रावरून रचलेलं नवं संगीत वाजावं, तेही त्या चित्राच्या पुढ्यात बसून. संगीतकार म्हणून कुणीतरी धाकटीचं नाव सुचवलं. व्हायोलिन, चेलो, क्लॅरिनेट यांच्यासाठी नवं काही लिहिणाऱ्यांना गिऱ्हाईक मिळत नाही. तिच्या आधीच्या रचना परीक्षेच्या हॉलमध्ये एकेकदा वाजल्या होत्या आणि ऐकायला परीक्षक होते, झालंच तर आई. परीक्षक घड्याळाकडे बघत होते, आई परीक्षकांकडे. तेव्हा ही संधी म्हणजे तिच्या हातात आलेली पहिली खरी गोष्ट होती.

चित्र निवडायचं तिच्यावर सोडलं होतं, आणि तिने निवडलं भावाचं. सगळ्यांनी परोपरीने समजावलं. आईने तर स्पष्टच विचारलं की ज्याने जन्मात एक चित्र पुरं केलं नाही त्याच्या भरवशावर तू कशी बसतेस. तेही खरंच होतं. दादा चित्रावर सही करत नसे. पुरं झालं की करीन म्हणायचा, आणि गाळ्यात बिनसहीच्या चित्रांची थप्पी छताला लागायची वेळ आली होती. पण धाकटीचा इलाज नव्हता. तो पिवळा पट्टा तिने पाहिला त्याच क्षणी तिला क्लॅरिनेट ऐकू आलं होतं. वरून खाली उतरत येणारा एकच लांब सूर, मध्यावर अचानक शांतता, सगळ्यांचीच, मग पुन्हा सूर आणि शेवटी तळाशी चेलोचा काळा, जड आवाज. चित्र तिला जसं ऐकू आलं तसं आजवर काहीच ऐकू आलं नव्हतं. आता ते वेड लागल्यावर भाऊ का आणि परका का.

तर, शांतता गेली. धाकटीने दोन दिवस चरफडत मधला भाग नव्याने लिहिला. क्लॅरिनेट आता कुठेच थांबत नव्हतं. पाच वादकांच्या चमूला नवी पानं वाटली. या चमूच्या प्रमुख चेलो वाजवणाऱ्या बाई होत्या. सगळे त्यांना काकू म्हणत, त्या कुणाच्याही काकू नव्हत्या आणि हे त्या अधूनमधून बजावतही असत, पण उपयोग नव्हता. काकूंनी नवी पानं चाळली, चष्म्यावरून धाकटीकडे पाहिलं आणि आधीचं बरं होतं एवढंच म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात दादा चहा प्यायला वर गेलेला पाहून धाकटी पुन्हा डोकावली. नियम एकदा मोडला की दुसऱ्यांदा पाय अडखळत नाही. पट्ट्यावर वरपासून खालपर्यंत ठिपके उमटले होते. पिवळ्यावर गडद पिवळे, एकामागून एक. तिने कपाळाला हात लावला आणि परत येऊन क्लॅरिनेटचा लांब सूर तोडून त्याचे ठिपके केले. तालमीत क्लॅरिनेटवाल्याने ते एकदा वाजवून दाखवले, ठिपक्यागणिक ठोका देऊन दमलेली जीभ बाहेर काढून सगळ्यांना दाखवली आणि यापुढे मला शाईने लिहिलेलं काही देऊ नका, पेन्सिलनेच द्या, खोडायला बरं, असं नम्रपणे सुचवलं. दोन्ही व्हायोलिनवाल्या खुदखुदल्या. धाकटीला हसू आलं नाही.

आणि मग काळा कोपरा हिरवा झाला.

हिरवासुद्धा कसला, कोवळा, पाण्यात भिजवल्यासारखा. म्हणजे चेलोचा तो तळातला शेवट, ज्याच्यासाठी काकूंनी मुद्दाम आपलं जाड तारांचं दुसरं वाद्य आणलं होतं, तो गेला. धाकटीने तो शेवट वर उचलला, हलका केला, व्हायोलिनना वाटून दिला. लिहिताना तिला राग येत होता आणि त्याहून मोठा राग याचा येत होता की जे होत होतं ते वाईट नव्हतं.

नव्या शेवटाची पानं घेऊन ती तालमीला गेली तेव्हा काकूंनी ती हातातही घेतली नाहीत. त्यांनी तिला जिन्यात नेलं आणि शांतपणे सांगितलं, सोमवारी जी पानं देशील ती शेवटची. त्यानंतर एक स्वर जरी हलला तरी आम्ही तुझी रचना काढून टाकू आणि कुणातरी मेलेल्या संगीतकाराचं काहीतरी वाजवू. मेलेले संगीतकार पानं बदलत नाहीत. दालनाच्या बाईंना मी कळवून ठेवलंय.

धाकटी घरी आली ती सरळ दादाच्या खोलीत. दादा स्टुलावर चढून पट्ट्याच्या वरच्या टोकाशी काहीतरी करत होता. तिने त्याला खाली उतरायला लावलं आणि मग तिच्या तोंडाचा पट्टा सुटला. चित्र आहे तसं राहू दे, एवढंच ती मागत होती, निदान उद्घाटनापर्यंत. दादा म्हणाला, अजून ते पोचलेलं नाही. कुठे पोचलेलं नाही, तिने विचारलं. ते तुलाच माहीत, असं काहीतरी विचित्र उत्तर त्याने दिलं, आणि तिचा उरलासुरला तोल गेला.

"तुला स्वतःचं काही पुरं करता येत नाही, म्हणून माझंही होऊ द्यायचं नाही, असंच ना? मला बोलावलं आणि तुला नाही बोलावलं, हे सलतंय तुला."

दादाने ब्रश डब्यात ठेवला. तो भांडला असता तर बरं झालं असतं, कारण भांडणात धाकटी तरबेज होती. त्याचा चेहरा पाहून तिला कळलं की आपण जे बोललो ते खोलवर लागलंय, आणि तरीही ती माघार घ्यायला तयार नव्हती. वर जाऊन तिने आईला सगळं सांगितलं. आई म्हणाली, मी नियम उगाच केला नव्हता.

त्यानंतर धाकटीने पियानोला हात लावला नाही. घरात बसलं की पलीकडचा ब्रश धुतल्याचा आवाज यायचा आणि डोकं उठायचं. ती सकाळीच वाचनालयात जाऊन बसू लागली. तिथे तिच्यासमोर चार आवृत्त्या पसरलेल्या असायच्या आणि कुठली खरी हे तिला कळेनासं झालं होतं. पहिली तिची होती, पण त्या पहिलीचं चित्रच आता जगात नव्हतं. शेजारी वर्तमानपत्र वाचत बसणाऱ्या आजोबांनी तिला बोटांनी टेबल बडवू नकोस म्हणून दोनदा हटकलं.

सोमवार उद्यावर आला तेव्हा तिने ठरवलं, चित्र एकदा बघायचं आणि जसं असेल तसं लिहून टाकायचं. जांभळं झालं असेल तर जांभळं. मनाची तयारी करून तिने दादाचं दार लोटलं.

काहीही बदललं नव्हतं. पट्टा, ठिपके, हिरवा कोपरा, सगळं जागच्या जागी. स्टूल होतं तिथेच होतं. दादा उलट्या ठेवलेल्या रंगाच्या डब्यावर बसला होता आणि त्याच्या हातातला ब्रश वाळून कडक झाला होता. तिला पाहून तो जे बोलला ते ऐकायची तिची तयारी नव्हती.

"तू वाजवत का नाहीयेस? मी पुढे कसं जाऊ?"

धाकटी दारातच थांबली. पुढे जायला माझ्या वाजवण्याचा काय संबंध, असं तिने विचारलं, आणि दादाने तिच्याकडे असं पाहिलं की जणू तीच वेड पांघरतेय. मग तो सांगू लागला. ते चित्र त्याच्याकडे वर्षभर अडकून पडलं होतं. पुढे काय करावं ते सुचत नव्हतं. तिने ते निवडलं आणि पार्टिशनपलीकडे वाजवायला घेतलं, तेव्हा कुठे त्याला कळायला लागलं की ते कुठे चाललंय. "तुला माझ्यापेक्षा जास्त दिसतंय असं वाटलं," तो म्हणाला. "म्हणून मी तुझ्या मागे मागे येत होतो."

"पण मी तुझ्या मागे येत होते," धाकटी म्हणाली. तिला खाली बसावंसं वाटलं, पण बसायला दुसरा डबा नव्हता.

ती त्याला ओढतच पलीकडे घेऊन गेली. आजवर दादा त्या खोलीत काम चालू असताना कधी आला नव्हता. तिने पहिली आवृत्ती काढली आणि पियानोवर वाजवायला सुरुवात केली. मध्यावर आल्यावर तिने हात मांडीवर ठेवले, मान हलवत शांतता मोजली आणि पुन्हा सुरू केलं. बघ, ती म्हणाली, थांबतेय की नाही? मग तू ती जागा भरलीस कशाला?

"कुठे थांबलीस? तुझ्या पायाखाली वाजतंय की अजून."

धाकटीने खाली पाहिलं. हा पियानो आईच्या शाळेने अडगळीत काढलेला. सूर लांबवण्याचं त्याचं पेडल एकदा दाबलं की वर यायचं नावच घेत नसे, खालून बुटाने ढोसावं लागे, आणि ढोसायचं ती कधीच विसरून गेली होती. हात मांडीवर होते आणि पियानो खुशाल घुमत होता. तिच्या डोक्यात क्लॅरिनेट कधीच थांबलं होतं, पण पार्टिशनपलीकडे ते थांबलं नव्हतं. आणि ठिपके? पियानोवर सूर ठेवला की विरतो, म्हणून क्लॅरिनेटचा लांब सूर ती पुन्हा पुन्हा ठोकून वाजवत होती. आणि काळा कोपरा? पियानोच्या डाव्या टोकाच्या पट्ट्या मुक्या होत्या, दाबल्या तरी आवाज नाही, म्हणून चेलोचा तळ ती सवयीने वरच्या पट्टीत वाजवायची. दादाने जे ऐकलं ते इमानेइतबारे रंगवलं होतं. त्याने जे रंगवलं ते तिने इमानेइतबारे लिहून काढलं होतं. पाच वादक, एक दालन आणि काकूंचा रक्तदाब गेले कितीतरी दिवस एका मोडक्या पियानोच्या तालावर नाचत होते.

तिला हसू आलं आणि लगेच रडूही. वर्षानुवर्षं या वाद्यावर बसून तिला त्याचा आवाज ऐकू आला नव्हता, आणि ज्याला आपण मत्सरी म्हटलं तो पलीकडे बसून त्याचा सूर न् सूर ऐकत होता. आपलं एवढं मन लावून आजवर कुणीच ऐकलं नव्हतं. लाजेने तिचे कान तापले. त्या दिवशी जे बोलले ते मागे घेते, ती म्हणाली, चुकलंच माझं. दादा म्हणाला, ठीक आहे, पण निम्मं खरं होतं.

रात्र व्हायच्या आत तिला निवड करायची होती. दालनाची गाडी सकाळी चित्र न्यायला येणार होती, तेव्हा चित्र आता बदलणार नव्हतं. बदलायचं तर तिनेच. तिने ठिपके काढून टाकले आणि लांब सूर परत आणला. शेवट मात्र हिरवाच ठेवला, कारण तो खरोखर जास्त चांगला होता आणि हे स्वतःशी कबूल करायला तिला जेवणाची वेळ टळून जाईपर्यंत झगडावं लागलं. राहिली मधली शांतता. ती तिने परत घातली, होती त्याहून लांब.

सोमवारी काकूंनी पानं वाचली आणि बोट नेमकं तिथेच ठेवलं. चित्रातला पट्टा तर आता सलग आहे, त्या म्हणाल्या, मग आपण का थांबायचं? धाकटी म्हणाली, पट्टा चालू राहील, आपण थांबायचं. काकूंनी पानं समोर लावली. मग चेलोच्या तारा लावायला घेतल्या.

उद्घाटनाला दालन भरलं होतं. प्रमुख बाई आलेल्यांना चित्राचा छापलेला फोटो वाटत होत्या आणि फोटोत पट्टा तुटलेला होता, भिंतीवर नव्हता, यावर त्या कुणाशीही बोलायच्या मनःस्थितीत नव्हत्या. आई पहिल्या रांगेत ताठ बसली होती. दादा शेवटी दाराशी उभा राहिला, इस्त्रीच्या शर्टाच्या बाहीला रंग लागलेला. क्लॅरिनेट सुरू झालं आणि उतरत आलं, एकच सूर, न तुटता. मध्यावर पाचही जण थांबले. लोकांनी आधी वादकांकडे पाहिलं, मग बघायला दुसरं काही नाही म्हणून चित्राकडे. आणि तिथे पिवळा थांबला नव्हता. तो एकटाच खाली उतरत राहिला, एवढ्या मोठ्या दालनात आवाज न करता. धाकटीला तो स्पष्ट ऐकू आला. कुणी खोकलं नाही. क्लॅरिनेट परत आलं तेव्हा ते बरोबर पट्ट्यातूनच बाहेर पडल्यासारखं आलं, आणि काकूंसारख्या बाईने डोळ्यांवरून मनगट फिरवलं हे तिने स्वतः पाहिलं.

टाळ्या बराच वेळ चालल्या. आई परीक्षकांच्या शोधात असल्यासारखी इकडेतिकडे बघत होती. धाकटीने दाराकडे पाहिलं तर दादा नव्हता. एक शब्द बोलून गेला असता तर काय बिघडलं असतं, असं तिला वाटलं, आणि एवढ्या चांगल्या संध्याकाळीही ती घरी जाताना धुसफुसतच गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दालन उघडायच्या सुमारास प्रमुख बाईंचा फोन आला. संध्याकाळी रचना पुन्हा वाजायची होती, म्हणून धाकटीला वाटलं वेळेबद्दल असेल. बाईंचा आवाज बारीक झाला होता. तुमचे बंधू इथे आले आहेत, त्या म्हणाल्या, त्यांच्या हातात रंग खरवडायची पाती आहे, आणि चित्र त्यांचंच असल्यामुळे आमचा पहारेकरी काय करावं या विचारात उभा आहे.

धाकटी धावत सुटली. ती पोचली तेव्हा दादा चित्रासमोर उभा होता, पाती पट्ट्याच्या मध्यावर टेकवलेली. बाई दोन्ही हात तोंडावर ठेवून कोपऱ्यात उभ्या होत्या.

"काल तू थांबलीस," दादा मागे न बघता म्हणाला. "पहिल्यांदा ऐकलं मी. इथे मोकळंच हवं होतं गं, मी उगाच भरलं."

तिच्या मनात आलं, याला असंच इथे सोडून द्यावं आणि एखाद्या मेलेल्या चित्रकाराला भाऊ करून घ्यावं. पण तो ऐकत होता. काल दारातून निघून गेला तो हेच ऐकत गेला होता, रात्रभर. ती त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि तिने त्याचं मनगट धरलं.

"तू तिथे तोडलंस तर मला तिथे भरावं लागेल," ती म्हणाली. "मी थांबते तेव्हा तुझा पट्टा चालू असतो, म्हणून मला थांबता येतं. हे आता पुरं झालंय, दादा. सही कर."

दादाने तिच्याकडे पाहिलं, मग चित्राकडे. मनगट ढिलं पडायला बराच वेळ लागला. सही करायला त्याच्याकडे काही नव्हतंच, कधी लागलंच नव्हतं, तेव्हा त्याने पातीच्या टोकानेच अजून पुरत्या न वाळलेल्या हिरव्या कोपऱ्यात आपलं नाव कोरलं. अक्षर शाळेतल्या मुलासारखं आलं. बाईंनी तोंडावरचे हात काढले. काहीतरी बोलावं म्हणून धाकटीने तोंड उघडलं.

दादा दोन पावलं मागे सरकला, मान तिरकी करून बघत राहिला आणि म्हणाला, सही जरा डावीकडे हवी होती. धाकटीने त्याच्या हातातली पाती काढून पहारेकऱ्याकडे दिली आणि त्याला कोपराला धरून बाहेर नेलं.